फ्रीजमागचा खटका

"हात लावलास की नाही, एवढंच सांग मला!"

दादा ओरडत होता. त्याच्या एका हातात दुधाचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात कोळंबीचा डबा, नाकापासून हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब धरलेला. दूध इतकं घट्ट नासलं होतं की पातेलं उपडं केलं असतं तरी सांडलं नसतं. कोळंबीबद्दल मी जास्त लिहीत नाही. कळंबोलीहून येऊन मी बोनकोड्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरलो, तेव्हा रिक्षावाल्यानं एकदा हवेत नाक फिरवलं आणि भाडं न घेताच गाडी वळवली, एवढं सांगितलं तरी पुरे.

आई ओट्याशी मेथी निवडत उभी होती. "नाही लावला," ती म्हणाली.

"मग खटका खाली कसा आला? भूत येतं का घरात?"

"ते मला काय ठाऊक? बसवलायस तू. तुला ठाऊक असायला हवं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. डब्याचा काळा खटका खाली मान घालून उभा होता, शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा.

हा डबा काय प्रकार आहे ते आधी सांगतो. आई बोनकोडे गावठाणात एका चारमजली इमारतीत तळमजल्यावर राहते. एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या मागे एक लांबट पॅसेज, त्याला गल्लीतूनही एक दार. वडील होते तेव्हापासूनची जागा. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी स्वयंपाकघरातला, फ्रीजमागच्या भिंतीवरचा जुना लाकडी बोर्ड जळाला. जळाला म्हणजे कोपऱ्यात काळा पडला आणि थोडा धूर झाला. पण दादाच्या तोंडून ऐकलंत तर लंकादहन परवडलं. दादा द्रोणागिरीला एका गोदामात मॅनेजर आहे. देशात येणारं प्रत्येक यंत्र आधी त्याला विचारून मगच बंदरातून बाहेर पडतं, असं त्याचं मत आहे. त्यानं कुठून तरी एक लोखंडी डबा आणला. डब्यात प्लग लावायला सॉकेट आणि सॉकेटच्या शेजारी खटका. लोड जास्त झाला की खटका आपोआप खट्‌कन पडतो, करंट बंद होतो आणि वायर जळायची वाचते. एसीला लावतात तसलाच, पण हा सहा अँपिअरचा. मोठा का नाही घेतलास, असं मी विचारलं होतं. तर म्हणाला, "एका फ्रीजला काय हत्ती बांधायचा आहे?"

त्याचा नेहमीचा वायरमन आला. जुन्या बोर्डातून जेवढ्या वायरी बाहेर आल्या तेवढ्या सगळ्या त्यानं नव्या डब्याला जोडल्या, स्क्रू आवळले आणि गेला. दादानं आईला कायदा घालून दिला: "खटका पडला तर हात लावायचा नाही. मला फोन करायचा. मी नाहीतर धाकटा येऊन वर करेल." दसऱ्याला आईनं त्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोचलं. फूल काढायला सांगितलं तेव्हा म्हणाली, "घर राखतोय ना? मग त्याला एक फूल जड नाही."

आणि डबा पडायला लागला.

आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. दुपारी केव्हातरी पडायचा, संध्याकाळी आईला फ्रीजमधला दिवा लागत नाही म्हणून कळायचं, मग ती फोन करायची. दादाला द्रोणागिरीहून सवड काढून यायला दोन दिवस, मला कळंबोलीहून यायला एक दिवस, तेवढ्यात दूध, दही, समोरच्या मावशींनी प्रेमानं दिलेली मासळी, सगळं शहीद. दादानं वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, माल एकदम ओके हाय. एका फ्रीजवर तो पडूच शकत नाय. कोनतरी हातानं खाली करतंय."

घरात हात दोनच. आईचे.

आणि खरं सांगायचं तर आईचा पूर्वीचा रेकॉर्डही काही साफ नव्हता. घराबाहेर पडताना देवाजवळचा दिवा सोडून सगळी बटणं बंद करणारी ही बाई. एका डिसेंबरात तिनं महिनाभर फ्रीज बंद ठेवला होता, बाहेर गारवा असताना आत कशाला, म्हणून. त्यामुळे दादाचा संशय अगदीच हवेतला नव्हता. पण ओरडण्यामागे संशयापेक्षा वेगळं काहीतरी होतं. वडिलांचं शेवटी असंच सुरू झालं होतं. गॅस बंद केलाय का, हे विचारायला ते बाजारातून अर्ध्या वाटेवरून परत यायचे आणि दारात उभे राहून, आपण कशाला आलो होतो, हे आम्हालाच विचारायचे. दादानं ते सगळं जवळून पाहिलं होतं. मी लांबून.

त्या दिवशी कोळंबी खड्ड्यात पुरून आल्यावर त्यानं निकाल दिला. "आणखी एकदा हा खटका खाली आला, तर आई माझ्याकडे येईल. कायमची. मी खोली तयार करून ठेवलीय."

दादाचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. खिडकीतून कंटेनर दिसतात. लाल, निळे, एकावर एक, क्षितिजापर्यंत. आई तिथं एकदा आठ दिवस राहून आली होती. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका बाईला तिनं, "आज भाजी काय केली?" असं विचारलं, तर त्या बाईनं कानातलं गाणी ऐकायचं यंत्र काढून "सॉरी?" म्हटलं. हे आईनं मला फोनवर सहा वेळा सांगितलं होतं, आणि दर वेळी ती बाई आणखी दोन इंच उंच होत होती. मी अतिशयोक्ती कुणाकडून शिकलो, हे यावरून कळेल.

दादा बाहेर गेल्यावर आई मला हळूच म्हणाली, "तिथं मी मरणार नाही रे. तिथं मी नुसती बसेन."

म्हणून मी साक्षीदार व्हायचं ठरवलं. रविवारी दादानं खटका वर केला होता. सोमवारी मी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवून सकाळी नऊला आईच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकलं. समोर डबा. आता खटका पडला आणि तेव्हा आई जवळपास नसली, की आई सुटली. सीमेवरच्या जवानानं काय पहारा दिला असेल, असा पहारा मी दिला. पापणीसुद्धा पाळीपाळीनं मिटत होतो.

आई मात्र सकाळपासून बेचैन होती. "कोथिंबीर आण जा बघू." मी म्हटलं, ड्यूटीवर आहे. "मग दाढी तरी करून ये." मी हललो नाही. दोनच्या सुमारास समोरच्या मावशी दारात आल्या. या मूळच्या बोनकोड्याच्या, इमारत त्यांच्याच घरच्यांची, पण बाईंचा थाट काही नाही. काखेत झाकण लावलेला मोठा डबा होता.

"कं रं पोरा, कामाव नाय गेलास?" त्यांनी मला विचारलं, आणि मग आईकडे वळून, "आज नाय काय गो मंग?"

आईनं डोळे मोठे केले. मावशींनी तोंडावर हात ठेवला. दोघी एकमेकींकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं, या दोघींनाही ठाऊक आहे, खरंच काहीतरी येतं या घरात.

मग आईनं मला जेवायला वाढलं. भरल्या वांग्यांबरोबर मी भाकऱ्या किती खाल्ल्या ते सांगत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मी जरा देवळात जाऊन येते."

मी स्टुलावर बसलो. डोळे मिटले होते हे मान्य करतो, पण ते विचार करण्यासाठी. कुठंतरी घरघर ऐकू येत होती. ती माझीच असावी असं मी समजलो, कारण घरी मला रोज तसं सांगितलं जातं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम खट्‌! मी डोळे उघडले, तर खटका खाली. फ्रीज गप्प. घरघरही बंद. घरात मी आणि माशी.

मी आनंदानं उडालोच. आई देवळात, खटका खाली! पाच मिनिटांत आई आली. तिच्या भुवया एका दुपारात पांढऱ्या झालेल्या मला दिसल्या. काळजीनं होतं म्हणे असं. मी ताबडतोब दादाला फोन लावला.

"पडला! माझ्या डोळ्यांसमोर पडला! आई घरात नव्हती!"

"तुझे डोळे उघडे होते?"

"तो मुद्दा नाही. आई देवळात गेली होती."

मग दादा म्हणाला, "तीन वाजता?"

"हो."

"अरे, देऊळ दुपारी बंद असतं. चारला उघडतं. ती तीस वर्षं तिथं राहतेय, तिला हे ठाऊक नाही?"

मी आईला विचारलं, "देऊळ उघडं होतं?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बंद होतं. म्हणून तर परत आले." आणि पदर पांढरा झाला. मी तो पाहिला, आणि त्यातून काहीही समजून घेतलं नाही. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, आमच्या घरात डोक्यावर परिणाम कुणाचा झालाय हे तपासायचंच असेल तर सुरुवात माझ्यापासून करायला हवी होती.

दादाचा आवाज खाली आला होता. तो ओरडत नव्हता, आणि तेच वाईट होतं. "शनिवारी येतो. खटका तोवर तसाच राहू दे. वायरमनला घेऊन येतो, म्हणजे तुमच्या मनात काही राहायला नको. येताना रिकाम्या बॅगा आणतो."

पाच दिवस मी डोकं खाजवलं. ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला, पाल. एक म्हणाला, वरून जाणाऱ्या विमानांनी भिंती हादरतात. ऑफिसखालच्या मार्केटमधल्या एका ट्रकड्रायव्हरनं तर छातीवर हात ठेवून सांगितलं की, त्याच्या मावसभावाच्या घरात असाच एक खटका फक्त अमावास्येला पडायचा. कॅलेंडर काढून पाहिलं. अमावास्या नव्हती. मी निराश झालो.

शनिवारी दादा आला. डिकीत खरोखरच दोन बॅगा होत्या. त्या त्यानं बाहेर काढल्या नाहीत, पण डिकी उघडी ठेवली. आईनं त्या पाहिल्या. मग चहा टाकला.

वायरमननं खटका वर केला. फ्रीज गुरगुरला. मग त्यानं पिशवीतून चिमट्यासारखं एक मीटर काढलं, डब्याकडे जाणारी वायर त्या चिमट्यात धरली आणि आकडा आम्हाला दाखवला. "बघा. दीड अँपिअर पन नाय. सहावर पडनारा डबा दीडवर कसा पडंल? साहेब, मी पयल्यापासून सांगतोय..." आणि त्यानं आईकडे पाहून जीभ चावली.

दादा आईसमोर स्टुलावर बसला. तिचा हात हातात घेतला. आमच्या घरात असं कधी होत नाही, त्यामुळे आई घाबरली. "आई, तू चिडू नकोस," तो म्हणाला. "तुला आठवत नसेल. त्यात तुझा दोष नाही."

"मी हात लावलेला नाही," आई म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता. मला वाटतं, तिचाही स्वतःवरचा विश्वास त्या क्षणी डगमगला होता. एवढी माणसं, एवढं मीटर, दीड अँपिअर. आपण हात लावलाच असेल तर?

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली.

मी दचकून स्वतःचं नाक धरलं. नाक गप्प होतं. घरघर चालूच.

"ए, ए, ए!" वायरमन ओरडला. मीटरवरचा आकडा उड्या मारत होता. दीडाचे पाच झाले, पाचाचे सात, मग साडेआठ. "लोड कुटून येतोय? कोन खातंय?" फ्रीज तर तोच होता, गरीब बिचारा, आपला एक कोपरा धरून बसलेला. आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. आई आढ्याकडे बघायला लागली. मिनिटभर, दोन मिनिटं, आणि मग खट्‌! खटका खाली. घरघर बंद.

भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला, खणखणीत. "थांबली गो! आज लवकर थकली!"

दादानं मागचं दार उघडलं. पॅसेजमध्ये एक घरघंटी उभी होती, कपाटाएवढी, वर जुनी चादर अर्धी सरकवलेली. तिच्याशेजारी मावशी, केसांपासून पायापर्यंत ज्वारीच्या पिठानं माखलेल्या. घरघंटीची वायर भिंतीतल्या एका जुन्या प्लगात गेली होती. आमचं वॉशिंग मशीन तिथं होतं तेव्हाचा पॉइंट. मशीन गेलं, पॉइंट राहिला, आणि आम्ही सगळे तो विसरून गेलो होतो. वायरमननं जुन्या बोर्डातून निघालेल्या "सगळ्या वायरी" डब्याला जोडल्या होत्या, त्यातली एक ही.

"आलास ना बाबा!" दादाला पाहून मावशींना इतका आनंद झाला की, हे त्याच्यापासून लपवायचं होतं तेच त्या विसरल्या. "तुजी गाडी बघली आन् लगेच चालू केली. तुज्या पायगुनाची चक्की हाय ही."

"माझ्या काय?"

मग हळूहळू बाहेर आलं. मावशींच्या सुनेला घरघंटीचा आवाज सोसत नव्हता, म्हणून ती आईच्या पॅसेजमध्ये आली. दोघी दुपारी दळायला बसायच्या. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या भाकऱ्या या पॅसेजमधून जात होत्या. दादाला सांगायची सोय नव्हती, कारण पिठाच्या धुळीनं आईचा दमा वाढतो म्हणून त्यानं पूर्वीच दळणबिळण बंद करायला लावलं होतं. तर ही घरघंटी अर्धा तास चालायची आणि थांबायची. त्या म्हणायच्या, थकली. मग कितीही बटण दाबा, दोन दोन दिवस उठायची नाही. आणि मग दादा यायचा, आईच्या फ्रीजचा खटका वर करून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी घरघंटी अशी धडधडत उठायची की जणू ओवाळून घेतलंय. असं चार वेळा, पाच वेळा झालं. दोघींनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. मावशी तर दादा यायच्या आदल्या दिवशी धान्य निवडून ठेवायच्या.

"मी येऊन गेलो की चालते?" पायाखालून काहीतरी सटकलंय असा दादाचा चेहरा झाला होता.

"हा येऊन गेला तर चालत नाही," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "एकदा पाहिलं आम्ही."

तेही खरं होतं. एकदा मी खटका अर्धवटच वर करून गेलो होतो आणि पुन्हा दादाला यावं लागलं होतं. म्हणजे मावशींच्या दप्तरी माझा पायगुण आता कायमचा वाईट.

दादा पुन्हा स्टुलावर बसला. हसला नाही. तो पेलाभर पाणी प्यायला आणि त्यानं पेला ओट्यावर ठेवला. "म्हणजे तू विसरत नाहीस," तो शेवटी म्हणाला. एवढंच. वडिलांचं जे मी लांबून पाहिलं ते त्यानं किती दिवस एकट्यानं जवळून पाहिलं असेल, ते त्या वाक्यातून मला जरा कळलं. मला गहिवरून आलं, पण तेवढ्यात त्याला दमा आठवला.

"आणि धूळ? आणि या वयात पोती उचलतेस? आणि मला खोटं सांगतेस, देवळात जाते म्हणून?"

आता ओरडण्याची दुसरी फेरी झाली. वायरमन मधेच म्हणाला की, टेन्शन नका घेऊ, चक्कीला वेगळी जाड वायर टाकतो, वेगळा सोळाचा डबा बसवतो, मग फ्रीज फ्रीजच्या जागी, चक्की चक्कीच्या जागी. मावशी म्हणाल्या, टाक. दादा म्हणाला, अजिबात टाकायची नाही. वायरमननं पिशवीतून वायरीचं भेंडोळं काढलं. दादानं ते परत पिशवीत घातलं. मावशींनी पुन्हा काढलं.

मी तेव्हापासून या प्रकरणाचा हिशोब लावतोय आणि तो लागत नाही. आईनं हात लावला नव्हता, खरं. वायरमन म्हणाला एका फ्रीजवर पडत नाही, खरं. डबा तर सुरुवातीपासून आपलं काम चोख करत होता आणि आम्ही त्याला दोन महिने शिव्या देत होतो. सगळे खरं बोलत होते, आणि दूध मात्र नासत होतं. माझं विचाराल तर मी साक्षीदार होतो, आणि मी काय पाहिलं ते मला अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी दादा निघाला. आई आणि मी गाडीपर्यंत गेलो. त्यानं डिकी बंद केली, बॅगा आतच होत्या. गाडीत बसला, काच खाली केली.

"आई, खोली तयार आहे. चक्की असो की नसो, तिथं तुला त्रास होणार नाही. शेवटचं विचारतो, टेम्पो कधी पाठवू?"

आईनं पदराला हात पुसले.

"या आठवड्यात नको," ती म्हणाली. "तांदूळ धुऊन वाळत घातलेत."